तिसरी ओळ आणि खिडकीतली काठी

वसई तालुक्यातल्या समस्त जनतेला, विशेषतः भुईगावकरांना, आणि त्यातही ज्या डॉक्टरांनी या प्रकरणात स्वतःची पाठ थोपटून घेतली त्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की आमच्या शेजारच्या बस्त्यावबाबांचा मृत्यू जो चांगले दोन पावसाळे पुढे गेला, तो औषधाने गेला नाही आणि नवसानेही गेला नाही. तो मी पुढे ढकलला. एका क्लारनेटने. तेव्हा मी नववीत होते आणि ते वाद्य मला अजून धड वाजवताही येत नव्हतं. किंबहुना येत नव्हतं म्हणूनच ते जमलं. इतकी वर्षं मी याबद्दल गप्प राहिले ती विनयामुळे नव्हे. कुणी विचारलंच नाही.

आमच्या गावचा बँड आमच्या घरात राहायचा. म्हणजे माणसं आपापल्या घरी आणि वाद्यं आमच्याकडे. पप्पा मोठा ढोल वाजवायचे, आणि ढोल ज्याच्या घरी त्याच्याकडेच बाकीची भावंडं, असा काहीतरी रिवाज पडून गेला होता. ओटीवर ढोल, ढोलावर आईची सुपं, सुपांत सुकायला घातलेली राजेळी केळी, भिंतीला टांगलेली दोन पितळी कॉर्नेटं आणि घरातल्या देवाच्या आल्ताराखाली, मदर मेरीच्या पायाशी, काळ्या पेटीत क्लारनेट. सुकेळ्यांच्या दिवसांत सगळ्या वाद्यांना गोड वास यायचा. एकदा ऐन लग्नात कॉर्नेटमधून मुंगळे बाहेर पडले आणि वाजवणाऱ्याने सूर न सोडता ते वऱ्हाडावर फुंकले, ही गोष्ट पप्पा आजही सांगतात आणि दर ख्रिसमसला त्यातले मुंगळे वाढत जातात. घरात कुणी शिंकलं तरी ढोल हळूच घुमायचा. सकाळी आई भाकऱ्या थापायची त्या आवाजाला तो आतून हुंकार द्यायचा. मला कितीतरी वर्षं वाटायचं की सगळ्यांच्याच घरात भाकरीला साथ असते.

तर झालं असं की आमचा क्लारनेट वाजवणारा माणूस नोकरी धरून गल्फला गेला. बँडमध्ये भरती व्हायला मुलं पुष्कळ होती, पण त्यांना कॉर्नेट हवं होतं किंवा ढोल. क्लारनेट म्हणजे त्यांच्या मते भोकं पडलेलं लाटणं. बँडचे फिलिपमास्तर रविवारी देवळातली मिस्सा झाल्यावर आमच्याकडे आले. त्यांचं माणिकपूरला शिवणकामाचं दुकान होतं, त्यामुळे ते कुणाशीही बोलताना त्याच्या खांद्याकडे बघायचे. मी मागच्या दारी भांडी घासत शिट्टी वाजवत होते. मुलीने शिट्टी वाजवू नये म्हणून आईने सगळे उपाय करून झाले होते.

"पोरांत कुणाला दम नाही," मास्तर पप्पांना म्हणाले. "हिला आहे. चहा घेतल्यापासून ऐकतोय, एकदाही शिट्टी तुटली नाही."

"मुलगी? बँडमध्ये?" आई आतून म्हणाली.

"कोट मी शिवेन," मास्तर म्हणाले, जणू आईची अडचण कापडाची होती.

पप्पांनी थोडा विचार केला. "शिट्टी तरी थांबेल," ते म्हणाले, आणि माझ्या कलाजीवनाचा निर्णय असा झाला.

क्लारनेट हे वाद्य ज्याने शोधून काढलं त्याचं माणसांशी वैर असावं. तोंडाशी एक बारीक वेताची पट्टी असते, तिला रीड म्हणतात. ती आधी थुंकीत भिजवायची. मग खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर ती टेकवायची आणि फुंकायचं. पहिले काही दिवस नुसती हवा जाते. मग एकदम बदक ओरडतं. मग आपल्या लक्षात येतं की ते बदक आपणच आहोत. ओठाला आतून दात लागून जखमा होतात आणि जेवताना सुक्या बोंबलाच्या चटणीने डोळ्यांत पाणी येतं. पण खरी मेख पुढे आहे. या वाद्यात खालच्या सुरांचं एक घर आणि वरच्या सुरांचं दुसरं. खालच्या घरातून वरच्या घरात जायचं तर मोकळी असलेली सगळी बोटं एका क्षणात बंद करायची, मागे अंगठ्याने किल्ली दाबायची, आणि हे करताना श्वास हलू द्यायचा नाही. एखादं बोट केसभर उचललेलं राहिलं की किंचाळी. त्या उंबरठ्यावर मी त्या काळात जितकी पडले तितकी चालायला शिकतानाही पडले नसेन.

मास्तरांचा शिकवण्याचा एक रिवाज होता आणि तो त्यांच्या मास्तरांपासून चालत आला होता. नव्या माणसाला पहिलं गाणं मयताचं शिकवायचं. लग्नाची गाणी नंतर. कारण विचारलं तर ते सुई तोंडात धरून सांगायचे, "लग्नात चुकलं तर लोक नाचत राहतात. मयताला सगळे गप्प असतात. जिथे चूक ऐकू येते ते आधी पक्कं करायचं." गाणं संथ, चार ओळींचं, लांब लांब सुरांचं. आणि तिसऱ्या ओळीत ते खालच्या घरातून वरच्या घरात चढायचं.

जोवर माझ्या वाद्यातून नुसते आवाज निघत होते तोवर आईने सोसलं. त्या आवाजांतून मयताचं गाणं ओळखू यायला लागलं तेव्हा तिने पोळपाट खाली ठेवला. "माझ्या घरातून रोज संध्याकाळी मयत निघायला नको," ती म्हणाली. "बावखलावर जा."

बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीतलं तळं. पूर्वी याच पाण्यावर केळी आणि पानवेली पोसायच्या. आमच्या बावखलात आता निम्म्या बाजूला भराव पडलाय आणि उरलेल्या निम्म्यासाठी अधूनमधून सभा होतात. तेव्हा ते काठोकाठ असायचं. अलीकडच्या काठावर एक आडवा माड होता, मी त्यावर बसायचे. पलीकडच्या काठावर बस्त्यावबाबांचं घर, आणि तळ्याच्या बाजूच्या खिडकीशी त्यांची खाट. ते अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते, फादर येऊन आजाऱ्याचं पवित्र तेल लावून गेले होते, आणि पेटाऱ्यातला, मयताला घालायचा काळा कोट उन्हात घालून पुन्हा घडी करून ठेवला होता. एक बातमी यायची तेवढी राहिली होती. सगळ्या आळीचा कान त्या घराकडे लागलेला.

आणि अशा वेळी, एका शांत संध्याकाळी, त्या दिशेने मयताचं गाणं ऐकू आलं.

मी डोळे मिटून वाजवत होते. डोळे उघडले तेव्हा पलीकडच्या काठावर अर्धी आळी जमली होती. बायका मेणबत्त्या घेऊन आल्या होत्या. एकाने देवळाची घंटा वाजवणाऱ्याकडे माणूसही पाठवला होता. ही मंडळी रडायच्या तयारीने घरात शिरली, तर बस्त्यावबाबा उशीला टेकून पेज पीत होते. त्यांची सून मार्थामावशी त्यांना लोणच्याची फोड देत होती.

"कोण गेलं?" बाबांनी विचारलं.

शेवटी कुणीतरी म्हणालं, "आम्हाला वाटलं, तुम्हीच."

बाबांनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. "जात होतो," ते म्हणाले. "पण हे ऐकून परत आलो."

मला बोलावणं आलं. (आमच्या बोलीतलं त्यांचं बोलणं मी इथे शाळेच्या मराठीत आणून ठेवते आहे, निम्मा तिखटपणा वाटेत सांडला आहे, याची नोंद घ्यावी.) बस्त्यावबाबा आयुष्यभर गावातल्या प्रत्येक मयतापुढे क्रूस धरून चालले होते. बँड बरोबर त्यांच्या पाठीमागे असायचा. ते गाणं गावात त्यांच्याइतकं कुणी ऐकलं नव्हतं, निदान जिवंतपणी.

"तिसऱ्या ओळीत चढतेस तिथे बदकाची मान का मुरगाळतेस?"

"तिथे बोटं चुकतात, बाबा."

"माझ्या वेळेला कोण वाजवणार?"

"मीच. दुसरं कुणी नाही."

"मार्था," ते म्हणाले, "तो कोट आत ठेव. मला थांबावं लागणार."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी माडावर आणि बाबा खिडकीत. त्यांच्या हाताशी एक काठी असायची. मी तिसऱ्या ओळीत किंचाळले की ते ती काठी खिडकीच्या गजावर मारायचे. ठण. ना शब्द, ना शिवी. बावखलातली बदकं मात्र माझ्या बाजूची होती. किंचाळी ऐकली की उत्तर द्यायची आणि नातेवाइकांसारखी पोहत जवळ यायची. काठी मारायला अंगात जोर हवा म्हणून बाबा पेजेवरून भातावर आले, भातावरून मासळीवर. एके दिवशी मार्थामावशी आमच्याकडे कोट घेऊन आली आणि आईला म्हणाली, "हा मास्तरांकडे पाठव गं. पोटावर बसत नाही. थोडा सैल करायला सांग." मयताचा कोट सैल करून घेणारा माणूस आमच्या भागात तोच पहिला असावा.

माझी पुतणी हल्ली मोबाइलवर गिटार शिकते. तिने एक तार छेडली की पडद्यावर चांदण्या उडतात आणि एक गोड बाई तिला शाबासकी देते. चुकली तरी देते. चार दिवस शिकली नाही तर तीच बाई तिला विचारते, तुझी आठवण येते, कुठे आहेस? मी पुतणीला म्हटलं, मलाही एकजण असंच विचारायचा, पण काठीने. ती म्हणाली, "आत्या, दॅट इज सो टॉक्सिक." असेल. मला एवढंच ठाऊक आहे की त्या बाईला पुतणीने जुलैत म्यूट केलं. खिडकीच्या गजाला म्यूट नव्हता.

अर्थात मीही सोडून दिलं होतं. एकदा. महिने गेले तरी ती एक जागा पार होईना. बँडमधली मुलं मला बघून बदकासारखी चालायची. शेवटची चांगली रीड चिरली आणि त्याच दिवशी मी पेटी बंद करून पप्पांपुढे ठेवली. मला वाटलं ते समजावतील. ते वाडीत अळवाला पाणी सोडत होते. म्हणाले, "बरं. बस्त्यावबाबांना सांगून ये."

मी तळ्याला वळसा घालून गेले. मनात एक छोटं भाषण तयार केलं होतं, त्यात दहावीचा अभ्यास वगैरे होता. बाबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे सोडलंस."

"हो."

"बरं. मग मीही थांबत नाही." त्यांनी उशी सरकवली, सपाट झोपले, हात छातीवर जोडले, बोटांत रोजरीची माळ गुंफली आणि डोळे मिटले. पायाचे अंगठेसुद्धा जुळवले. ज्याने आयुष्यभर मयतं जवळून बघितली त्यालाच इतकं चोख जमावं.

मी उभी. मार्थामावशी दारात आली. "ए बाई," ती मला म्हणाली, "काय ते लवकर ठरव. मी यांचा भात धरू की नको?"

मी घरी आले. पप्पांनी माणिकपूरहून आणलेली नवी रीड पेटीवर ठेवलेली होती. ती त्यांनी केव्हा आणली ते मी विचारलं नाही.

मग एक दिवस ते झालं. कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. बोटं आपणहून मिटली, अंगठा आपणहून गेला आणि सूर असा वर चढला जसं कुणी दार उघडून धरलंय. तिसरी ओळ स्वच्छ निघाली, चौथी तिच्या मागून उतरली. मी थांबले. काठी वाजली नाही. बदकंही गप्प. मी त्या शांततेची कितीतरी दिवस वाट पाहिली होती आणि ती आली तशी मी क्लारनेट माडावरच टाकलं. मी पळत तळ्याला वळसा घातला.

बाबा जिवंत होते. छताकडे बघत होते. "झालं की गं," ते म्हणाले. "आता काही अडलं नाही." आणि त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळीही नाहीत. मार्थामावशीने फादरांना निरोप पाठवला आणि कोट पुन्हा उन्हात आला.

त्या संध्याकाळी मी माडावर बसले, पहिली ओळ वाजवली, दुसरी वाजवली, आणि तिसऱ्या ओळीत, त्या जागेवर, अनामिका केसभर उचलून ठेवली.

किंचाळी. मग क्षणभर काहीच नाही. मग, ठण. आणि थोड्या वेळाने वाऱ्यावरून मार्थामावशीच्या घरून तळलेल्या मांदेलीचा वास आला.

यापुढे माझं आयुष्य दुहेरी झालं. माणिकपूरला मास्तरांच्या दुकानात, कापडाच्या ताग्यांमध्ये उभी राहून मी लग्नाची गाणी शिकत होते, भराभर शिकत होते. कितीही चढा-उतरा, माझी बोटं आता अडत नव्हती. लाल कोट शिवून झाला, दोन लग्नं वाजवून झाली, एका नवऱ्या मुलाच्या मामाने तर माझ्यासमोर नाचत चप्पल हरवली. आणि रोज संध्याकाळी बावखलावर येऊन मी तिसऱ्या ओळीत न चुकता चुकायचे. हे वाटतं तितकं सोपं नाही. खरी चूक आपली आपण होते. खोटी चूक रोज त्याच ठिकाणी, तशीच आणि तितकीच वाईट काढायची म्हणजे रियाज लागतो. मास्तर एकदा पप्पांकडे आले असता त्यांनी ती ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकली. मग माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, "पोरी, ज्याला ही चूक इतकी नेमकी जमते त्याला शिकवायचं माझ्याकडे काही उरलं नाही." त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त तळ्यापलीकडे नजर टाकली आणि सायकलवर टांग टाकली.

बाबा मात्र हळूहळू उतरत होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काठीचा आवाज बारीक झाला. ठण जाऊन टक झालं. एका संध्याकाळी काठी वाजलीच नाही आणि मार्थामावशीने खिडकीतून हात करून मला बोलावलं.

"आज मुद्दाम चुकलीस," बाबा म्हणाले.

"नाही, बाबा."

"फादरांना खोटं सांग, मला नको. एवढी मयतं माझ्या पाठीशी वाजली. खरी चूक दचकवते. तुझी हल्ली वेळेवर येते, टपालासारखी." त्यांना हसू आलं, मग खोकला आला. "छान खाल्लं मी तुझ्या जिवावर. पापलेटसुद्धा खाल्लं. पण आता दमलो गं. त्या दिवशी नीट वाजव. वचन दे."

मी दिलं. मला त्या वयात वाटत होतं की वचन देताना रडू आलं तर ते वचन जास्त पक्कं होतं.

ते गेले तेव्हा वाडीत राजेळीचे घड उतरवायचे दिवस होते. त्या सकाळी आमच्या आळीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि आईने ढोलावरची सुपं स्वतः उचलून बाजूला ठेवली. मी लाल कोट घातला, दंडाला काळी फीत बांधली. रीड भिजवली. वाटेत बोटं मिटून-उघडून पाहिली, सगळी जागेवर. मास्तरांनी माझ्याकडे बघून एकदा मान हलवली. पप्पांनी ढोल गळ्यात घेतला. पुढे क्रूस, तो आता दुसऱ्याच्या हातात, मागे आम्ही, आमच्या मागे खांदेकरी आणि त्यांच्या खांद्यावर पेटी. आत बस्त्यावबाबा, सैल केलेल्या कोटात.

पहिली ओळ चांगली गेली. दुसरीही. गल्ली तिथे बावखलाच्या कडेने वळते आणि त्या वळणावर बाबांची खिडकी समोर येते. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मी बघितलं. मार्थामावशीने काठी गजाला अडकवून ठेवली होती, पुसून, सरळ, जशी छत्री अडकवतात तशी. माझा खालचा ओठ थरथरला, नेमका त्याच क्षणी तिसरी ओळ आली, आणि मी किंचाळले. अनामिका उचलून काढलेली नव्हे. खरी. माझ्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर. तळ्यातल्या बदकांनी झाडून सगळ्यांनी उत्तर दिलं.

पप्पांचा हात ढोलावर यायचा तो हवेतच राहिला. क्रूस थांबला, बँड थांबला, सगळं मयत थांबलं. पुढे दफनभूमीच्या फाटकापर्यंत मी ते गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं आणि तिसरी ओळ दर वेळी काचेसारखी स्वच्छ काढली, पण भुईगावात ते कुणालाही आठवत नाही. मीच लोकांना आठवण करून देत असते. त्यांना आठवते ती फक्त ती शांतता. त्या शांततेत एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. सगळे पेटीकडे बघत होते, कान देऊन. आणि सकाळपासून जिच्या तोंडातून एक शब्द निघाला नव्हता ती मार्थामावशी खांदेकऱ्यांना म्हणाली, "पेटी खाली ठेवा रे. ते आता जायचे नाहीत."